नववीच्या उंबरठ्यावर श्रेयांकांचे गणित : राजधानीतील विद्यार्थ्यांपुढे चार वर्षांची निवड

नवी दिल्ली : दिल्ली आणि राजधानी परिसरातील शाळांचे नवे सत्र एप्रिलमध्ये सुरू होते, तेव्हा नववीत पाऊल ठेवणाऱ्या विद्यार्थ्यांच्या घरी काही साधे वाटणारे प्रश्न येतात. दुसरी भाषा कोणती? सहावा विषय घ्यायचा का? पुढच्या वर्षी गणित कोणत्या पातळीचे? उत्तरे लिहायला पाच मिनिटे पुरतात. मात्र सतराव्या वर्षी विद्यापीठाच्या प्रवेशअर्जावर कोणते अभ्यासक्रम उमटणार आणि कोणते नाहीत, हे बऱ्याच अंशी त्याच पाच मिनिटांत ठरलेले असते.

या निवडीला आता श्रेयांकांची, म्हणजेच शाळकरी भाषेत क्रेडिटची, जोड मिळू लागली आहे. विद्यार्थ्याने वर्षभरात शिकण्यासाठी दिलेल्या वेळाची मोजदाद व्हावी, ती एका खात्यात जमा व्हावी आणि शिक्षण बदलताना किंवा मध्येच थांबून पुन्हा सुरू करताना ती उपयोगी पडावी, अशी त्यामागची कल्पना आहे. ही कल्पना निवडीला खरोखर मोकळीक देणार, की जुन्याच चौकटीवर नवा हिशेब चढवणार, हा या घडीचा प्रश्न आहे.

तीस तासांचा एक श्रेयांक

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये कला आणि विज्ञान, पुस्तकी शिक्षण आणि कौशल्यशिक्षण यांच्यामधील भिंती काढून टाकण्याचा संकल्प मांडण्यात आला. त्याला हिशेबाची चौकट देण्याचे काम राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने केले. एप्रिल २०२३ मध्ये जाहीर झालेल्या या आराखड्याने शालेय, उच्च आणि व्यावसायिक शिक्षण एकाच मोजपट्टीवर आणले. शिकण्याचे ३० तास म्हणजे एक श्रेयांक आणि वर्षाचे १२०० तास म्हणजे ४० श्रेयांक, हे त्याचे मूळ सूत्र. हे तास केवळ वर्गात बसण्याचे नाहीत. प्रयोगशाळा, प्रकल्प, स्वाध्याय, खेळ, कला आणि मूल्यमापन यांनाही त्यात स्थान आहे.

आराखड्याने प्रत्येक टप्प्याला स्तर दिला आहे. नववी २.५, दहावी ३, अकरावी ३.५ आणि बारावी ४. पदवीचे पहिले वर्ष ४.५ पासून सुरू होते आणि पीएचडी आठव्या स्तरावर येते. श्रेयांकांना स्तराने गुणले की श्रेयगुण मिळतात. दहावीचे ४० श्रेयांक १२० श्रेयगुणांचे होतात, तर बारावीचे १६० श्रेयगुणांचे. ही नोंद ठेवण्यासाठी २०२१ मध्ये उच्च शिक्षणासाठी सुरू झालेली शैक्षणिक श्रेयांक पेढी शालेय शिक्षणासाठीही खुली करण्याची तरतूद आहे. विद्यार्थ्याचा ‘अपार’ क्रमांक ही त्या खात्याची किल्ली ठरणार आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने, म्हणजे सीबीएसईने, नववी आणि अकरावीच्या नोंदणीशी हा क्रमांक जोडण्याची पावले उचलल्यामुळे हा विषय कागदावरून थेट घराघरांत आला आहे.

नववीचा हिशेब

सीबीएसईने २०२४-२५ या सत्रापासून सहावी, नववी आणि अकरावीसाठी हा आराखडा प्रायोगिक तत्त्वावर राबवण्याचे ठरवून संलग्न शाळांना सहभागाचे आवाहन केले. त्यासाठीच्या मसुद्यातील नववीचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. दोन भाषा, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्र या पाच विषयांना प्रत्येकी २१० तास, म्हणजे प्रत्येकी सात श्रेयांक. हे झाले ३५. शारीरिक शिक्षण, कला आणि शाळेअंतर्गत विषयांना मिळून १५० तास, म्हणजे पाच श्रेयांक. एकूण ४०. यापलीकडे विद्यार्थ्याने दोन अतिरिक्त विषय घेतले तर आणखी १४ श्रेयांक मिळून बेरीज ५४ पर्यंत जाते. अकरावीत एकच अतिरिक्त विषय घेता येतो, म्हणून तिथली कमाल मर्यादा ४७ राहते. श्रेयांक पदरात पडण्यासाठी विषयात उत्तीर्ण होणे आणि ७५ टक्के उपस्थिती या दोन्ही अटी आहेत.

आकडे सुबक दिसतात, पण तासांत मांडले की त्यांचे ओझे जाणवते. वर्षाचे २२० कामाचे दिवस धरले तर ४० श्रेयांकांसाठी दररोज साधारण साडेपाच तास लागतात. ५४ श्रेयांकांसाठी हाच आकडा सव्वासात तासांच्या पुढे जातो. त्यात द्वारका किंवा नोएडाहून शाळेच्या बसने रोज दोन्ही वेळा होणारा प्रवास आणि संध्याकाळची शिकवणी मिळवली, तर चौदा वर्षांच्या मुलाच्या दिवसात खेळायला काय उरते, हा प्रश्न रास्त ठरतो. जास्त श्रेयांक म्हणजे जास्त चांगला विद्यार्थी, असे समीकरण घराघरांत रुजले, तर शिकण्याचे ओझे कमी करण्यासाठी आलेले धोरणच ओझे वाढवणारे ठरेल.

राजधानीच्या बाबतीत तासांच्या हिशेबाला हवेचाही अडथळा आहे. हिवाळ्यात प्रदूषणाची पातळी वाढली की श्रेणीबद्ध कृती आराखड्यानुसार वर्ग ऑनलाइन भरवावे लागतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर दहावी-बारावीचे प्रत्यक्ष वर्गही थांबवावे लागले होते. स्वतंत्र खोली, संगणक आणि अखंड इंटरनेट असलेल्या घरातला ‘तास’ आणि एका मोबाइलवर तीन भावंडे शिकणाऱ्या घरातला ‘तास’ श्रेयांकाच्या खात्यात सारखाच नोंदवला जाणार आहे. मोजमापाची एकके सारखी असली, म्हणून मोजली जाणारी वस्तू सारखी होत नाही.

गणिताचा फाटा आणि सहावा विषय

श्रेयांकांची व्यवस्था अजून बाळसे धरत असली, तरी विषयनिवडीचे जुने परिणाम ठोस आहेत. त्यांतला पहिला गणिताचा. सीबीएसईने २०१९-२० पासून दहावीत गणिताच्या दोन पातळ्या केल्या, प्रमाण गणित आणि पायाभूत गणित. अभ्यासक्रम एकच, प्रश्नपत्रिकेची काठिण्यपातळी वेगळी. मूळ नियमानुसार पायाभूत गणित घेऊन उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला अकरावीत नियमित गणित मिळत नसे. उपयोजित गणिताचा पर्याय मात्र खुला होता. पुढे मंडळाने ही अट शिथिल केली आणि विद्यार्थ्याची क्षमता पडताळून प्रवेश देण्याची जबाबदारी शाळाप्रमुखांवर सोपवली. याचा अर्थ दार बंद नाही, पण त्याची कडी शाळेच्या हाती आहे.

गणित सुटले की काय सुटते, याची यादी मोठी आहे. अभियांत्रिकी आणि वास्तुरचनाशास्त्र हे तर उघडच. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतील नौदल आणि हवाई दलाच्या शाखांसाठीही बारावीत भौतिकशास्त्र आणि गणित लागते. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्राच्या विशेष पदवीला प्रवेश हवा असेल, तर सामाईक प्रवेश परीक्षेत गणित किंवा उपयोजित गणित द्यावेच लागते. अर्थशास्त्र हा कलाशाखेचा विषय आहे, असे समजून अकरावीत गणित सोडलेल्यांना ही अट बारावीनंतर कळते, तेव्हा उशीर झालेला असतो.

दुसरा परिणाम सहाव्या विषयाचा. माहिती तंत्रज्ञान, कृत्रिम बुद्धिमत्ता यांसारखे कौशल्यविषय नववी-दहावीत ऐच्छिक म्हणून घेता येतात. गणित, विज्ञान किंवा सामाजिक शास्त्र यांपैकी एकात विद्यार्थी अनुत्तीर्ण झाला, तर उत्तीर्ण झालेला कौशल्यविषय त्या जागी धरून निकाल लावण्याची सोय आहे. अनेक पालक या विषयाकडे सुरक्षा जाळे म्हणूनच पाहतात. मात्र असे उत्तीर्ण होणे आणि तो मूळ विषय येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निकालपत्र सावरले तरी अकरावीत गणित मागण्याचा आधार त्यातून मिळत नाही.

दहावीच्या २०२६ च्या परीक्षेपासून मंडळाने वर्षातून दोन परीक्षांची रचना ठरवली आहे. फेब्रुवारीतली पहिली परीक्षा सर्वांना बंधनकारक. मे महिन्यातल्या दुसऱ्या परीक्षेत विज्ञान, गणित, सामाजिक शास्त्र आणि भाषा यांपैकी कमाल तीन विषयांत गुण सुधारता येतात. पहिल्या परीक्षेत तीन किंवा अधिक विषयांना गैरहजर राहिलेल्यांना मात्र दुसऱ्या परीक्षेची मुभा नाही. एका दिवसाच्या अपयशाने वर्ष वाया जाण्याची भीती यामुळे कमी होते. चुकीच्या विषयनिवडीवर मात्र दुसऱ्या परीक्षेचा उपाय चालत नाही.

वाटेत बदलणारे नियम

नियोजन करताना सर्वांत मोठी अडचण नियमांच्या अस्थिरतेची आहे. केंद्रीय विद्यापीठांसाठीची सामाईक प्रवेश परीक्षा, म्हणजे सीयूईटी, २०२२ मध्ये सुरू झाली आणि दिल्ली विद्यापीठाच्या प्रवेशातून बारावीच्या टक्केवारीची गगनाला भिडणारी कट-ऑफ यादी हद्दपार झाली. २०२५ च्या परीक्षेसाठी विषयांची संख्या ६३ वरून ३७ वर आणण्यात आली. विधी अध्ययन, उद्योजकता, फॅशन अध्ययन, पर्यटन, अभियांत्रिकी आरेखन हे विषय वगळले गेले आणि त्या क्षेत्रांतील प्रवेशासाठी सामान्य क्षमता चाचणीचे गुण धरण्याचे ठरले. याच वर्षी विद्यार्थ्याला बारावीत नसलेल्या विषयाचीही परीक्षा देण्याची मुभा मिळाली. दिल्ली विद्यापीठाने मात्र बारावीत शिकलेल्या विषयांतच ही परीक्षा दिलेली असावी, हा आपला निकष ठेवला आहे.

या बदलाची घोषणा डिसेंबर २०२४ मध्ये झाली. २०२५ मध्ये परीक्षेला बसणाऱ्यांनी अकरावीचे विषय २०२३ मध्येच निवडले होते. विधी अध्ययन किंवा उद्योजकता हा आवडीचा विषय घेतलेल्यांना, आपला विषय प्रवेश परीक्षेच्या यादीतूनच गेल्याचे बारावीच्या परीक्षेच्या तोंडावर कळले. आंतरशाखीय निवडीचा आग्रह धरणारे धोरण आणि मोजक्या विषयांकडे वळणारी प्रवेश परीक्षा यांच्यातील ही विसंगती विद्यार्थ्यांच्या माथी येते.

श्रेयांकांपुढचा खरा पेचही इथेच आहे. खात्यात श्रेयांक जमा होतील, पण त्या बदल्यात काय मिळेल? नववीत ५४ श्रेयांक मिळवलेल्या विद्यार्थ्याला दिल्ली विद्यापीठाच्या प्रवेशात त्यामुळे अधिकचे काही मिळत नाही. तिथे प्रवेश परीक्षेचे गुणच निर्णायक आहेत. पदवीच्या पातळीवर श्रेयांकांना वजन आहे, कारण चार वर्षांच्या १७६ श्रेयांकांच्या अभ्यासक्रमातून ठरावीक टप्प्यांवर बाहेर पडण्याची आणि परतण्याची सोय त्यांच्याशी बांधलेली आहे. शाळेच्या पातळीवर असा व्यवहार अजून उभा राहिलेला नाही.

पर्याय पुस्तकात, वर्ग कुठे?

मंडळाच्या यादीत विषय असणे आणि शाळेत त्याचा शिक्षक असणे यांत मोठे अंतर आहे. भौतिकशास्त्राबरोबर इतिहास किंवा जीवशास्त्राबरोबर संगीत घेण्यास नियमांची आडकाठी नाही. शाळेचे वेळापत्रक मात्र ठरावीक गटांनुसारच आखलेले असते. दिल्लीतील अनेक सरकारी शाळांत अकरावीला विज्ञान शाखाच नाही. तिथल्या हुशार विद्यार्थ्याला दहावीनंतर दूरची शाळा गाठावी लागते किंवा शाखा बदलावी लागते. मुलींच्या बाबतीत हे अंतर अनेकदा निर्णायक ठरते.

डिसेंबर २०२३ च्या सुमारास मंडळाने दहावीसाठी तीन भाषांसह दहा विषय आणि बारावीसाठी दोन भाषांसह सहा विषय अशी रचना सुचवून शाळांकडून अभिप्राय मागवले होते. ऑगस्ट २०२३ मधील राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याशी ती सुसंगत होती. विषय वाढले की शिक्षक, खोल्या आणि तासिका वाढाव्या लागतात. संपन्न खासगी शाळांना ते जमेल. दोन पाळ्यांत भरणाऱ्या सरकारी शाळांसाठी तो पैशाचा आणि जागेचा प्रश्न आहे.

तीन राज्ये, अनेक मंडळे

राजधानी परिसर हे एक महानगर असले, तरी शिक्षणाच्या दृष्टीने ते एक नाही. दिल्लीतील बहुसंख्य शाळा सीबीएसईच्या. नोएडा आणि गाझियाबादेत त्यांच्या जोडीला उत्तर प्रदेश मंडळ, तर गुरुग्राम आणि फरीदाबादेत हरियाणा मंडळ. काही शाळा आयसीएसईच्या. मेट्रोच्या चार स्थानकांच्या अंतरावर घर बदलले, तरी मंडळ बदलू शकते. नववी आणि अकरावीत नोंदणी झाली की पुढच्या वर्षी शाळा बदलण्यासाठी मंडळाच्या परवानगीची आणि सबळ कारणाची गरज लागते. मंडळाने २०२५ मध्ये दोन वर्षांच्या सलग अध्ययनाची अटही स्पष्ट केली. नववीत न घेतलेला विषय दहावीत अचानक घेता येत नाही, तोच न्याय अकरावी-बारावीला.

केंद्र सरकारच्या सेवेत, सैन्यदलांत आणि खासगी कंपन्यांत असलेल्या मराठी कुटुंबांना याची झळ विशेष बसते. सीबीएसईच्या भाषांच्या यादीत मराठी आहे, पण पहाडगंजच्या नूतन मराठी शाळेसारखे अपवाद वगळले, तर राजधानीतील शाळांत ती शिकवली जाणे दुर्मीळच. मुलाची दुसरी भाषा हिंदी किंवा संस्कृत होते. बदली होऊन कुटुंब पुण्या-नागपूरला परतते, तेव्हा २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातील सर्व मंडळांच्या शाळांत अनिवार्य झालेली मराठी समोर उभी राहते. अकरावीला यायचे तर २०२५-२६ पासून राज्यभर लागू झालेल्या केंद्रीभूत ऑनलाइन प्रवेशाचे वेळापत्रक सांभाळावे लागते. श्रेयांक पेढीची खरी कसोटी अशाच स्थलांतरात आहे. दिल्लीत मिळवलेले श्रेयांक महाराष्ट्र मंडळाने जसेच्या तसे मान्य केले, तरच ‘राष्ट्रीय’ हे विशेषण सार्थ ठरेल.

नोएडातील जुना धडा

श्रेयांकांची कल्पना या परिसराला नवी नाही. नोएडाच्या सेक्टर ६२ मध्ये मुख्यालय असलेली राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, ती कैक वर्षे वापरते आहे. १९७९ मध्ये सीबीएसईचा प्रकल्प म्हणून सुरू झालेली ही मुक्त शाळा १९८९ मध्ये स्वतंत्र संस्था झाली. येथील नोंदणी पाच वर्षे टिकते, त्या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात, एकेक विषय उत्तीर्ण होत जाता येते आणि मान्यताप्राप्त मंडळातून उत्तीर्ण झालेल्या दोन विषयांपर्यंतचे श्रेयांक वळते करून घेता येतात. नववीत पुन्हा पुन्हा नापास होणाऱ्या सरकारी शाळांतील विद्यार्थ्यांना दिल्लीचे शिक्षण खाते याच संस्थेमार्फत दहावीला बसवते.

या अनुभवातून दोन गोष्टी दिसतात. टप्प्याटप्प्याने शिकण्याची मुभा अनेकांना शिक्षणात टिकवून धरते, ही पहिली. अशा मार्गाकडे समाज दुय्यम म्हणून पाहतो, ही दुसरी. नियमांनी समकक्षता देता येते, प्रतिष्ठा मात्र दर्जा आणि मागणी यांतूनच मिळते. कौशल्यविषयांच्या श्रेयांकांपुढेही हेच आव्हान आहे.

अमेरिकेचा अनुभवही बोलका आहे. तिथे १९०६ पासून कार्नेगी एककानुसार एका विषयाचे वर्षभरातील सुमारे १२० तास ही मोजणी रूढ झाली आणि माध्यमिक शाळेची चार वर्षे त्या बेरजेवर आखली जाऊ लागली. आता खुद्द कार्नेगी प्रतिष्ठानच वेळेऐवजी प्रत्यक्ष क्षमता मोजण्याच्या पर्यायांचा शोध घेत आहे. भारत तासांच्या मोजणीकडे वळत असताना ती रूढ करणारे त्यापलीकडे पाहू लागले आहेत, ही बाब धोरणकर्त्यांनी ध्यानात घेण्याजोगी आहे.

आज काय हाती आहे

व्यवस्था स्थिरावेपर्यंत थांबणे नववीतल्या मुलाला परवडणारे नाही. त्यामुळे नियोजन उलट दिशेने करणे शहाणपणाचे ठरते. आवडीचे दोन-तीन अभ्यासक्रम निवडावेत, त्यांच्या प्रवेशाच्या अटी पाहाव्यात, त्यावरून अकरावीचे विषय आणि मग दहावीच्या गणिताची पातळी ठरवावी. शाळेला चार गोष्टी स्पष्ट विचाराव्यात : अकरावीत कोणते विषय प्रत्यक्ष शिकवले जातात, पायाभूत गणितानंतर नियमित गणित देण्याचे निकष कोणते, शाळा श्रेयांकांच्या प्रयोगात सहभागी आहे का, आणि अपार क्रमांकावरील नाव व जन्मतारीख शाळेच्या नोंदीशी जुळते का. शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण नोंदणीच्या वेळी खोळंबा होतो तो बहुधा अशाच तफावतीमुळे.

ज्यांचा कल अजून ठरलेला नाही, त्यांनी शक्य तेवढी दारे उघडी ठेवावीत. पेलत असेल तर प्रमाण गणित आणि खरोखर आवडणारा एखादा कौशल्यविषय एवढे त्यासाठी पुरेसे आहे. उशिरा सुचलेल्या वाटाही काही प्रमाणात खुल्या होत आहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने बारावीनंतर अतिरिक्त विषय म्हणून जीवशास्त्र उत्तीर्ण होणाऱ्यांनाही नीट परीक्षेचा मार्ग मोकळा केला. चौदाव्या वर्षीच्या निर्णयाची शिक्षा आयुष्यभर नसावी, हे तत्त्व त्यातून मान्य झाले आहे.

सरकार आणि मंडळांकडून अपेक्षा मर्यादित पण नेमकी आहे. विषयांबाबतचे बदल नववीत किंवा अकरावीत प्रवेश घेणाऱ्या तुकडीला आधी कळावेत आणि वाटेत असलेल्या तुकडीला लागू होऊ नयेत. राज्य मंडळांनी एकमेकांच्या श्रेयांकांना लेखी मान्यता द्यावी. आणि यादीतला विषय शिकवणारा शिक्षक वर्गात असावा. खात्यातील आकड्यांना तेव्हाच मोल येईल. तोवर नववीच्या विद्यार्थ्याला आपल्या चार वर्षांचा हिशेब स्वतःच्या वहीत मांडावा लागणार आहे.